अहवाल ‘वाचला असे गृहीत’ धरू नका

प्रति,
महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँका व पतसंस्थांची सन्माननीय संचालक मंडळे,
तसेच मा. सहकार आयुक्त, पुणे

विषय : वार्षिक अहवाल दिव्यांग सभासदांना स्वतः वाचता येईल असा देण्याबाबत

स. न. वि. वि.

यंदा सप्टेंबरमध्ये आमच्या बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. मंगल कार्यालयाच्या दाराशी सह्यांचे रजिस्टर होते. भाच्याने माझे बोट ओळीवर टेकवले, मी सही केली आणि आत जाऊन बसले. मागील सभेचे इतिवृत्त कायम झाले. मग अध्यक्ष म्हणाले, “अहवाल सर्व सभासदांना मिळालेला आहे, तो वाचला असे गृहीत धरावे.” मागून आवाज आला, मंजूर. पुढूनही आला, मंजूर. ताळेबंद, नफावाटणी, लेखापरीक्षकांची नेमणूक, पोटनियम दुरुस्ती, सगळे विषय अर्ध्या तासात आटोपले आणि चहाच्या कपांचा आवाज सुरू झाला.

मी तो अहवाल वाचला नव्हता. नोटीस हातात पडल्यापासून सभेच्या आदल्या रात्रीपर्यंत मी त्याच्याच मागे होते, तरीही वाचू शकले नव्हते. माझ्या नावावर त्या दिवशी जे ‘मंजूर’ जमा झाले ते माझे नव्हते, आणि हे पत्र त्यासाठी आहे.

थोडे माझ्याविषयी सांगते, कारण मी काय मागते आहे ते त्याशिवाय कळणार नाही. मी एकवीस वर्षे एका औषध वितरकाच्या पेढीत हिशेब सांभाळला. कीर्द, खतावणी, तेरीज हा माझा रोजचा व्यवहार होता. रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा आजार घराण्यात होता. आधी रात्रीचे दिसेना, मग बाजूचे दिसेना, आणि चाळिशी उलटली तेव्हा छापील अक्षर कायमचे गेले. हिशेब मात्र डोक्यातून गेला नाही. ताळेबंद समोर आला की कुठे बोट ठेवायचे ते मला अजून कळते. बँकेचे शेअर्स वडिलांचे. ते संस्थेच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. अहवाल पोस्टाने आला की ते दुपारी ओसरीवर बसून शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायचे, पेन्सिलने खुणा करायचे आणि सभेत उठून प्रश्न विचारायचे. त्यांच्या पश्चात ते शेअर्स माझ्या नावावर झाले. प्रश्न विचारायची सवयही त्यांचीच.

यंदा बँकेने खर्चाची बचत आणि कागदाची बचत अशी दोन कारणे देऊन छापील अहवाल बंद केला. नोटिशीवर एक क्यूआर कोड आला. तो स्कॅन करा, अहवाल मोबाइलवर मिळेल. कागद वाचवण्याला माझा विरोध नाही. उलट मला वाटले, आता तरी फाइल हातात येईल, म्हणजे मी स्वतः वाचेन. कोड कुठे छापला आहे ते मला चाचपून कळत नव्हते, म्हणून तेवढे शेजारणीकडून करून घेतले. फाइल उघडली, हेडफोन लावला. माझ्या संगणकावरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, पहिल्या पानावर म्हणाला, ‘रिकामे’. दुसऱ्या पानावरही तेच. चौसष्ट पानांचा अहवाल आणि चौसष्ट वेळा ‘रिकामे’.

झाले असे होते की छापखान्यातून आलेली प्रत सह्या-शिक्क्यांसाठी कागदावर काढली गेली आणि मग सगळीच्या सगळी स्कॅन करून वेबसाइटवर चढवली गेली. डोळस माणसाला त्यात अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी ते चौसष्ट फोटो आहेत.

मी बँकेत लेखी अर्ज दिला. मजकूर असलेली मूळ फाइल ई-मेलने पाठवा, एवढीच विनंती. उत्तर लेखी आले नाही. काउंटरवरचे साहेब म्हणाले, “ताई, घरात कुणीतरी वाचून दाखवेल की.” ते चांगल्या मनाने बोलले, हे मला कळते. पण मी घरात कुणाला विचारायचे, आणि काय काय? भाचा बारावीला आहे. त्याने एका संध्याकाळी वाचायला घेतले. अध्यक्षांचे मनोगत वाचले, श्रद्धांजलीची नावे वाचली, आणि ताळेबंदाच्या पानावर आल्यावर म्हणाला, “मावशी, पुढे नुसते आकडेच आहेत.” मला नेमके तेच हवे होते. त्याला त्यातले काय महत्त्वाचे ते कसे कळणार? आणि मला एखाद्या आकड्यावर पाच वेळा मागे यायचे असते, गतवर्षीशी ताडून पाहायचे असते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचताना त्याच्या कंटाळ्याचा विचार आधी करावा लागतो.

शेवटी मी त्या फोटोंवरून अक्षरे ओळखणारा प्रोग्राम चालवला. देवनागरी आकड्यांत १ आणि ९ ची गल्लत तो सहज करतो. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेल्या थकीत कर्जांच्या प्रमाणाच्या ओळीवर माझ्या कानात ९.४ टक्के आले. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या सगळ्या ठेवी याच बँकेत आहेत. दुसऱ्या दिवशी शेजारणीला पुन्हा बोलावले, तिने पाहून सांगितले, १.४ आहे. एका आकड्याच्या शेपटीने मला एक रात्र जागवले, आणि त्यानंतर बाकीच्या कुठल्याही आकड्यावर माझा विश्वास बसेना.

ताळेबंदाचे दुखणे आणखी वेगळे आहे, आणि ते फाइल स्कॅन केलेली नसली तरी उरते. आपल्याकडे ताळेबंदाचा जुना घाट म्हणजे डावीकडे ‘भांडवल व देणी’, उजवीकडे ‘जिंदगी व येणी’, आणि दोन्ही बाजूंना गतवर्ष व चालू वर्ष. डोळ्याला ही दोन पाने शेजारी शेजारी दिसतात. सारणीची नीट रचना केलेली नसेल तर माझा प्रोग्राम सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत जातो : “दोन कोटी एक्केचाळीस लाख, वसूल भागभांडवल, दोन कोटी छप्पन्न लाख, एक कोटी बारा लाख, रोख शिल्लक, नव्वद लाख”. यातले कुठले गेल्या वर्षीचे, कुठले भांडवलाचे, कुठले रोखीचे? हिशेबात मुरलेल्या माणसालाही दोन ओळींनंतर धागा सापडत नाही. सारणीला शीर्षकाची ओळ ‘शीर्षक’ म्हणून दिली, खाने एकमेकांत मिसळले नाहीत आणि देणी व येणी या दोन सारण्या स्वतंत्र ठेवल्या, की हाच प्रोग्राम प्रत्येक आकड्याआधी ‘चालू वर्ष, राखीव निधी’ असे सांगतो. मी माझ्या नोकरीतले ताळेबंद शेवटची काही वर्षे असेच वाचले आणि असेच तयारही केले.

टंकाची, म्हणजे फॉन्टची अडचण मराठी अहवालांना खास भोवते. आपल्या छापखान्यांत अजून श्रीलिपी, कृतिदेव असे जुने टंक चालतात. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. कृतिदेवात ‘नफा’ असे दिसणाऱ्या जागी संगणकाला यू, क्यू, के सापडतात. ‘तोटा’च्या जागी आर, के, एस, व्ही, के. मी गेल्या वर्षीचा अहवाल जुन्या फाइलीतून मिळवला होता, तो असा होता. तासभर ती इंग्रजी अक्षरे ऐकली. कुठे नफा आणि कुठे तोटा, दोन्ही मला सारखेच. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच संकेत देणारी पद्धत, हिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे. आज प्रत्येक मोबाइलवर मराठी युनिकोडमध्येच टाइप होते. बँकेचा संदेश मला मोबाइलवर नीट मराठीत ऐकू येतो आणि बँकेचा अहवाल येत नाही, याला फक्त सवय कारणीभूत आहे.

‘प्रगतीचा आलेख’ म्हणून जी रंगीत पाने असतात, त्यांविषयी एवढेच म्हणते की आलेखाखाली त्यातले आकडे दोन ओळींत लिहा. त्याचा उपयोग लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांनाही होईल.

मी माझ्याविषयी लिहिले, कारण मला माझे ठाऊक आहे. पण सभेत माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ बोलले तेव्हा कळले की त्यांना ऐकू येत नाही. ते दरवर्षी येतात. व्यासपीठावर काय चालले आहे ते त्यांना हात वर झाले की समजते, मग तेही हात वर करतात. खुणांच्या भाषेचा दुभाषी तिथे कधी आलेला नाही, ठराव पडद्यावर लिहून दाखवले जात नाहीत. आणि मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने अधू झालेले डोळे घेऊन येणारे ज्येष्ठ सभासद तर प्रत्येक संस्थेत आहेत. आपल्या ठेवींचा मोठा हिस्सा त्यांचाच असतो. त्यांनी गुळगुळीत कागदावर, फोटोवर छापलेली बारीक अक्षरे कशी वाचायची? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली, त्यांतले सुमारे २९ लाख ६० हजार महाराष्ट्रातले. वयामुळे दृष्टी मंदावलेल्यांपैकी अनेक जण या नोंदीत कधी आलेच नसतील.

‘अहवाल कोण वाचतो?’ असे मला दोन संचालकांनी वेगवेगळ्या वेळी विचारले. मी वाचते. आणि वाचला नाही तर काय होते तेही मी भोगले आहे. आमच्या पोटनियमानुसार तीन वर्षे न नेलेला लाभांश राखीव निधीत वर्ग होतो. ही सूचना अहवालाच्या शेवटच्या पानावर चौकटीत छापली होती. वडील गेल्यानंतरच्या धावपळीत वारसनोंद राहिली होती, मला ती चौकट कुणी वाचून दाखवली नाही, आणि लाभांश गेला. रक्कम मोठी नव्हती. पण ती वडिलांच्या शेअर्सवरची होती.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या रांगांतल्या माणसांचे आवाज मी टीव्हीवर ऐकले आहेत. त्या प्रकरणात कर्जे लपवल्याचा आरोप होता, तेव्हा अहवाल वाचूनही कुणाला कळले नसते, हे मान्य. पण त्यानंतर प्रत्येक ठेवीदाराला आपल्या संस्थेची थकबाकी, तिच्यासाठी केलेली तरतूद, भांडवल पर्याप्तता (तोटा सोसायला भांडवल पुरेसे आहे का ते) स्वतः पाहावीशी वाटते. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. त्यापुढच्या पैशाची काळजी ज्याची त्याने करायची असेल, तर माहिती त्याच्या हातात पोचली पाहिजे.

आता कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात ‘खासगी आस्थापना’ या शब्दाची व्याख्या करताना कंपनी, फर्म यांच्या जोडीने सहकारी संस्थेचे नाव स्पष्ट घेतले आहे. तेव्हा हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असे कुणी समजू नये. कलम ४६ प्रमाणे सेवा देणाऱ्याने, तो सरकारी असो वा खासगी, सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वापरता येण्याच्या नियमांनुसारच सेवा द्यायची आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाहीत, सरकारने ते बंधनकारक करावेत. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ३१ जुलै २०२५ रोजी परिपत्रक काढून आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना डिजिटल सेवांतली ही सुगम्यता पाळायला सांगितले. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानकही आहे, आणि त्यात वेबसाइट व अ‍ॅपबरोबर दस्तऐवजांचाही विचार केला आहे. शेअर बाजारात हे होते आहे आणि सहकारात होत नाही, याचे मला वाईट वाटते. कारण सर्वांना खुले सभासदत्व आणि सभासदांचे लोकशाही नियंत्रण ही तत्त्वे बाजाराची नाहीत, आपली आहेत. ‘विना सहकार नाही उद्धार’ हे वाक्य आपल्याच अहवालांच्या मुखपृष्ठावर असते. २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून घोषित केले होते. आता तरी हे सुरू व्हावे.

खर्चाचा प्रश्न निघेल, म्हणून तेही सांगते. ताळेबंदाचे आकडे तुमच्या हिशेब विभागात एक्सेलमध्ये तयार असतात. तेच छापखान्याला जातात आणि तिथे पुन्हा टाइप होतात. ती एक्सेल फाइल जशीच्या तशी वेबसाइटवर ठेवायला काही लागत नाही. वर्डमध्ये मथळ्यांना हेडिंग स्टाइल देणे, चित्राला पर्यायी मजकूर जोडणे, आणि कागदावर न काढता थेट पीडीएफ करणे, हे कुठल्याही ऑपरेटरला एका दिवसात शिकवता येते. सह्या हव्यात, तर सहीचे पान तेवढे स्कॅन करून जोडा. फाइल नीट झाली की नाही हे तपासायचा एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून तो उभा केला. हे पत्रही मी त्याच्याच मदतीने लिहिते आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

वार्षिक अहवाल, सभेची नोटीस आणि पोटनियम दुरुस्तीचा मसुदा युनिकोड मराठीत, मजकूर निवडता येईल अशा फाइलीत द्या. स्कॅन केलेली प्रत एकटी कधीच देऊ नका. आर्थिक पत्रके एक्सेलमध्येही द्या. देणी आणि येणी वेगळ्या सारण्यांत ठेवा, प्रत्येक सारणीला शीर्षकाची ओळ असू द्या.

ज्यांना संगणक चालवता येत नाही अशांसाठी, मागणी केल्यास, ठळक मोठ्या अक्षरांतली छापील प्रत किंवा वाचलेली ध्वनिफीत द्या. सभेची नोटीस निघते त्याच दिवशी ती मिळाली पाहिजे, सभा झाल्यावर नव्हे. क्यूआर कोडच्या जोडीला साधी लिंक एसएमएसने पाठवा.

नोटिशीवर एका कर्मचाऱ्याचे नाव आणि फोन नंबर द्या, ज्याच्याकडे दिव्यांग सभासदाने आपली गरज सांगायची. त्याला ‘घरात कुणाकडून तरी वाचून घ्या’ हे उत्तर देण्याची मुभा नसावी. अर्जाचे उत्तर लेखी मिळावे.

सभेत ठराव मतास टाकण्यापूर्वी पूर्ण वाचा आणि पडद्यावर लिहून दाखवा. बहिऱ्या सभासदाने आधी कळवले असेल तर दुभाष्याची सोय करा.

मा. सहकार आयुक्तांना माझी विनंती अशी की अहवालाच्या नमुन्याबाबत एक परिपत्रक काढावे. लहान पतसंस्थेला हे एकटीने जमणार नाही, तिला तयार नमुना फाइल मिळाली तर ती फक्त आकडे भरेल. नागरी बँकांच्या राज्य फेडरेशननेही असा नमुना करून आपल्या सभासद बँकांना द्यावा. आणि लेखापरीक्षण करताना अहवाल वेळेत प्रसिद्ध झाला का हे पाहतात, तसे तो सुगम्य स्वरूपात दिला का, हेही पाहिले जावे.

यातले पहिले काम करायला कुठल्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. आमच्या बँकेने मार्चअखेरचे लेखापरीक्षण संपल्यावर, छपाईला देण्याआधी, अहवालाची फाइल माझ्याकडे पाठवावी. मी एका दुपारी ती तपासून कुठे अडते ते लिहून देईन, त्याचे पैसे नकोत. सभासद क्रमांक आणि ई-मेल असलेला अर्ज याच आठवड्यात शाखेत पुन्हा दिला आहे. यंदाच्या ताळेबंदातल्या ‘इतर देणी’ या ओळीविषयी मला एक प्रश्न विचारायचा आहे. तो मी लिहून ठेवला आहे, पण आकडा खात्रीने वाचता आल्याशिवाय सभेत उठून विचारणार नाही.

आपली,
एक दृष्टिहीन सभासद